सात नंबरचा कान

चौगुले साहेबांचा आवाज अख्ख्या इचलकरंजीला ऐकू जायचा, फक्त त्यांच्या स्वतःच्या खात्यात जायचा नाही.

खातं म्हणजे मागांची शेड. चौगुले तिचे मॅनेजर. त्या गुरुवारी सकाळी ते शेडच्या मधोमध उभे राहून, मानेच्या शिरा फुगवून ओरडत होते, ‘‘ए सात नंबर! बीमवरचं सूत संपत आलंय तुझं! सात नंबर!’’

सात नंबरच्या मागावरच्या शालन मुसळे त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्या शांतपणे धाग्याचं टोक शोधत राहिल्या. शेजारच्या बारा नंबरवरच्या इलाहीचाचांनीही मान वर केली नाही. तेवढ्यात सर्व्हरच्या खोलीतून चहाचा कप घेऊन केतकी बाहेर आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘आई, साहेब काहीतरी म्हणतायत.’’

अख्ख्या शेडच्या माना वळल्या. शालनच्या, इलाहीचाचांच्या, पार शेवटच्या रांगेतल्या माणसांच्यासुद्धा. आणि सगळे हसरे चेहरे करून केतकीकडे बघत राहिले.

‘‘बघितलंस?’’ चौगुले म्हणाले. ‘‘मी बोंबलून मरतोय तर कुणाला पत्ता नाही, आणि तू नुसती कुजबुजलीस तर जत्रा भरते. तुझ्या त्या यंत्रांत बिघाड आहे.’’

‘‘बिघाड असता तर माझाही आवाज गेला नसता, साहेब.’’

‘‘मग बिघाड माझ्यात आहे का?’’

केतकीनं चहाचा घोट घेतला. खात्यातल्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची लायसन्सं सांभाळायची, हे तिचं काम. साहेबांची समजूत काढायची, हे त्यात बसत नव्हतं.

ही यंत्रं म्हणजे विणकरांच्या कानातली. हवेच्या झोतावर चालणाऱ्या मागांनी कापड भराभर निघू लागलं, पण त्या कल्लोळात माणसांचे कानही भराभर गेले. कान जातो म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूकडे जाणारी नस धडधाकट असते. आवाजाच्या लाटेसरशी डोलून त्या नसेला जागं करणाऱ्या बारीक पेशी तेवढ्या मरतात, आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नव्या यंत्रानं त्या पेशींना वगळूनच टाकलं. एका इंजेक्शननं नस प्रकाशाला दाद देऊ लागते, मग कानाच्या मागे बसवलेलं यंत्र आवाजाचा प्रकाश करून केसाएवढ्या तंतूतून तिच्यावर लुकलुकतं. नस तो प्रकाश वाचते आणि माणसाला ऐकू येतं. कानाच्या वरच्या पाळीत यंत्राचा एक मोती दिसायचा, म्हणून विणकर त्याला भिकबाळी म्हणायचे. इलाहीचाचा तर आरशात बघून मिशीला पीळ द्यायचे.

खरी करामत आतल्या सिस्टिमची. शेडमधला सगळा आवाज जसाच्या तसा आत सोडला तर माणूस वेडा होईल. म्हणून सिस्टिम शिकते. कोणत्या आवाजाला हा माणूस मान वळवतो, कशानं त्याची नाडी हलते, ते पाहून तो आवाज ती वर उचलते. ज्याच्याकडे तो कायम दुर्लक्ष करतो, तो आवाज खाली दाबते. भोंगा आणि धोक्याचे इशारे तेवढे सगळ्यांना सक्तीचे. बाकी तीन महिन्यांत प्रत्येकाचा आपला स्वतंत्र आवाजांचा नकाशा तयार होतो.

यंत्र माणसाचं, पण त्यातली सिस्टिम खात्याची. बनवणारी कंपनी एकट्यादुकट्याला लायसन्स देतच नाही, घाऊकच देते. आजवर कंपनी स्वतःच लांबून सगळी यंत्रं ॲक्टिव्हेट करत होती. ती सोय शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. त्यानंतर खात्याच्या आवारात खात्याचाच सर्व्हर, आणि तोच कामावरच्या माणसांच्या यंत्रांना ठरावीक काळानं चावी देणार. चावी मिळाली नाही तर यंत्र नुसता भोंगा ऐकवणार, बाकी सगळी शांतता. आणि एक मेख होती. निदान पंचवीस वेगळी यंत्रं हजर झाल्याशिवाय हा सर्व्हर कुणालाच चावी देत नाही. थोड्यांचा घरगुती कारभार कंपनीला नको असतो.

केतकीला पंचवीसची चिंता नव्हती. शेडमध्ये दोनशेच्या वर यंत्रं होती. तिनं दुपारी नवा सर्व्हर सुरू केला. यंत्रं एकामागून एक हाक देऊ लागली, हिरवे दिवे नाचू लागले, आणि पडद्यावर आकडा उमटला.

हजर यंत्रं : १.

तिनं सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. एक. वायर काढून घातली. एक. मग तिनं यंत्रांचे ओळखक्रमांक पडद्यावर ओतले, आणि चहा तसाच निवून गेला. सगळ्या ओळी सारख्या होत्या. दोनशे यंत्रं, ओळख एकच. आणि ती ओळख होती शालन मुसळे यांची. म्हणजे तिच्या आईची.

असं कसं झालं हे तिला लगेच कळलं. तीन वर्षांपूर्वी चाचणी म्हणून पहिलं यंत्र शालनना बसवलं होतं. ते छान शिकलं. मग दिवाळीच्या तोंडावर बाकीची यंत्रं आली. प्रत्येकाला तीन महिने शिकवत बसायला चौगुले तयार नव्हते. तेव्हा केतकीनं डोकं चालवलं आणि आईच्या यंत्रातली शिकलेली सिस्टिम उचलून सगळ्यांत भरली. दुसऱ्या दिवशी अख्खी शेड ऐकू लागली. केतकीला शाल मिळाली, नारळ मिळाला. फक्त नक्कल करण्याआधी मूळ यंत्राची ओळख पुसायची असते, ती गडबडीत राहिली. एकाच नकाशावरून दोनशे घरं बांधली आणि सगळ्यांना घर नंबरही एकच दिला, तर पोस्टमनला एकच घर दिसणार.

ओळख एक, म्हणून रोज संध्याकाळी शिकलेलं साठवायची जागाही एक. तिथे लिहायचा हक्क मूळ यंत्राला, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. याचा अर्थ डोक्यात शिरला तशी केतकी खुर्चीतून उठलीच. गेली तीन वर्षं हे सगळं खातं तिच्या आईच्या कानानं ऐकत होतं!

तिनं नकाशा उघडला. तळाशी एक सपाट रेघ होती, एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीच्याही खाली. ती तिनं वाजवून पाहिली. ‘‘ए सात नंबर!’’ केतकी एकटीच खो खो हसत सुटली. वीस वर्षं आईनं ज्या आवाजाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे आता दोनशे माणसं ढुंकून बघत नव्हती.

मग तिनं सर्वांत उंच रेघ वाजवली, धागा तुटल्याच्या आवाजाहूनही वरची. ‘‘आई, डबा विसरलीस बघ.’’ तिचा स्वतःचा आवाज.

केतकीचं हसू थांबलं. आपण या खात्यात सगळ्यांच्या लाडक्या आहोत, आपल्या गोड स्वभावामुळे लोक आपलं ऐकतात, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. तो लाड आईचा होता. तो कॉपी होऊन दोनशे कानांत बसला होता. तिला एकदम रडू आलं, आणि लगेच रागही आला, कारण दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली होती.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. नकाशा तसाच ठेवून प्रत्येक यंत्राला नवी ओळख द्यायची, दीड दिवसाचं काम. पण शनिवारी शालन निवृत्त होत होत्या. या यंत्रांच्या काळातली निवृत्त होणारी ही पहिलीच बाई. हजेरीपटावरून नाव गेलं की सर्व्हर चावी देणार नाही. आत्तापर्यंत त्यांची ओळख दोनशे जणांच्या कानात होती, ती बंद केली असती तर सगळेच बहिरे झाले असते. आता दोनशे माणसांचे कान वाचवायचे तर आई एकटी पडणार होती, आणि बहिरी होणार होती.

*

‘‘मग कर की दुरुस्त,’’ शालन म्हणाल्या. संध्याकाळची वेळ. त्या कढईत भडंग हलवत होत्या आणि चुरमुऱ्यांचा तो सळसळता आवाज एकीकडे मन लावून ऐकत होत्या. ‘‘दोनशे माणसं हाईत ती. त्यात इचारायचं काय?’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी बहिरी व्हतेच की आधी. मला सवय हाय. शेजारणीची भांडणं ऐकायची ऱ्हातील, तेवढाच तोटा.’’ त्यांनी गॅस बंद केला. चुरमुऱ्यांची सळसळ थांबली तशी त्या जरा वेळ कढईकडेच बघत राहिल्या. ‘‘एवढंच कर, केतू. शनिवारी ते बंद व्हायच्या टायमाला तू बोलत ऱ्हा. काय बी बोल. शेवटचं तुझं ऐकू दे.’’

‘‘शेवटचं-बिवटचं काही नाही!’’ केतकी ओरडली. ‘‘मी बंद होऊच देणार नाही.’’

‘‘ओरडू नगं, लई मोठ्यानं ऐकू येतंय मला तुझं.’’ शालन हसल्या. ‘‘बरं, सोमवारी नव्या बायका येणार हाईत न्हवं कामाला? त्यांच्या कानात आता कुणाचं भरणार?’’

केतकीच्या हातातली भडंगाची मूठ तोंडापाशीच थांबली.

घाऊक लायसन्सच्या धंद्यात ही गोष्ट रोजची. नवी यंत्रं चालू करायला प्रत्येक ठिकाणी एक नमुना यंत्र जागं ठेवावं लागतं, ज्यावरून बाकीच्यांच्या नकला काढायच्या. त्याला हजेरीपट लागत नाही. खातं चालू आहे तोवर त्याला चावी मिळतेच, आणि घरचं नेट जोडलं की ती घरबसल्या येते. केतकीनं नमुना म्हणून वेगळं यंत्र कधी नोंदवलंच नव्हतं. ती जागा रिकामी होती!

‘‘आई, तू निवृत्त होतीयस ना? हो खुशाल. तुझा कान निवृत्त होणार नाही!’’ तिनं आईला मिठी मारली, त्यात निम्मं भडंग जमिनीवर सांडलं. फक्त एक अंगठा हवा होता, मॅनेजरचा.

*

‘‘म्हणजे,’’ शुक्रवारी चौगुले सावकाश म्हणाले, ‘‘यापुढे येणारा प्रत्येक माणूस तुझ्या आईच्या कानानं ऐकणार. आणि तुझ्या आईच्या कानात मी कुठे आहे म्हणालीस?’’

‘‘पंख्याच्या खाली.’’

‘‘पंख्याच्या खाली! आणि त्याच्यावर मी अंगठा उठवू? मला पंख्याच्या वर आण, लगेच उठवतो.’’

‘‘ती रेघ हातानं वर नेता येत नाही हो साहेब. ऐकणाऱ्याचं मन वळलं, नसेनं दाद दिली, तरच ती हलते.’’

‘‘मग वळव मन. उद्या सहापर्यंत वेळ आहे. मीही माणूस आहे, केतकी. तीन वर्षं भिंतीशी बोलतोय मी.’’

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या कळवळून म्हटलं की केतकीला त्यांची दया आली. तिनं आईला सर्व्हरच्या खोलीत बोलावून स्टुलावर बसवलं. समोर चौगुले, मध्ये पडदा. दारात इलाहीचाचा, कारण असा तमाशा चुकवणारे ते नव्हेत.

चौगुले ओरडले. रेघ सपाट. चौगुले हळू बोलले. सपाट. त्यांनी सात नंबरच्या कामाची तारीफ केली, सात नंबरनं खात्याचं नाव राखलं असं सांगितलं, एक विनोदही सांगितला. इलाहीचाचा उगाच हसले. रेघ हलली नाही.

शालन घामाघूम झाल्या होत्या. ‘‘साहेब, मी मनापास्नं ऐकायलीय हो. लांबच्या गल्लीत कोण बोलल्यागत येतंय. पण हे यंत्र काय हलंना.’’

‘‘जाऊ दे,’’ चौगुले उठले. त्यांचा चेहरा पडला होता. ‘‘नाही जमत.’’

केतकी कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीतही ती उठली नाही. रांगेमागून रांग करत तिनं यंत्रांना नव्या ओळखी दिल्या. आकडा चढत गेला. पंचवीस झाले तेव्हा सर्व्हरनं पहिली चावी सोडली आणि तिनं टेबलावर हात आपटला. शनिवारी दुपारपर्यंत दोनशे पार झाले. सगळे वाचले होते. यादीत एकच लाल ओळ उरली. शालन मुसळे, नोकरी समाप्त.

*

निरोपाचा कार्यक्रम पाचला ठेवला होता. रिवाजाप्रमाणे माग बंद केले होते, खुर्ची टाकली होती, लुगडं-नारळ देऊन झाला होता. शेडला अशी शांतता सोसत नाही, सगळे उगाच खोकत होते. केतकी हातात टॅबलेट घेऊन आईच्या मागे उभी होती. त्यावर आईचा नकाशा उघडा होता आणि सहाला थोडाच वेळ उरला होता.

चौगुले माईकपाशी गेले. ‘‘आज आपल्या सात नंबरच्या…’’ ते म्हणाले, आणि अडखळले.

इथे ओरडण्यासारखं काही नव्हतं. समोर माग नव्हता. समोर खुर्चीत नवं लुगडं मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, आणि वीस वर्षांत आपण तिला हाक मारलेली नाही, मागाला मारली आहे, हे त्यांना बहुधा त्या क्षणी दिसलं. खात्यात हीच रीत होती. माणसं येतात-जातात, मागाचा नंबर तोच राहतो, म्हणून हाक नंबराला. त्यांनी कोट सारखा केला.

‘‘आज आपल्या शालनताई,’’ ते म्हणाले. ‘‘शालनताई मुसळे.’’

दोनशे माना एकदम वर आल्या.

चौगुले दचकून एक पाऊल मागे सरले. ओळखी वेगळ्या झाल्या होत्या, पण नकाशा अजून सगळ्यांचा तोच होता. नवऱ्यानं हयातभर मारलेली, माहेरी आजही मारली जाणारी ‘शालन’ ही हाक त्यात होती. शेडमध्ये ती कधी उच्चारलीच गेली नव्हती. आज उच्चारली गेली, आणि अख्खं खातं ‘ओ’ देण्यासाठी वळलं. इलाहीचाचा तर उठून उभेच राहिले. मग आपण का उठलो ते न कळून इकडेतिकडे पाहू लागले.

टॅबलेटवरची ती मुर्दाड रेघ उसळली. केतकीला राहवेना. ‘‘साहेब!’’ ती भर कार्यक्रमात ओरडली, ‘‘पंख्याच्या वर! पंख्याच्या वर गेलात!’’

‘‘माझं ऐकतायत?’’ चौगुल्यांनी माईकमध्येच विचारलं. ‘‘शालनताई, ऐकू येतंय?’’

‘‘आता येतंय की,’’ शालन म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. ‘‘एवढं जवळ व्हता व्हय तुम्ही?’’

मग चौगुल्यांना आवरणं कठीण झालं. ते माईक घेऊन रांगेत घुसले. ‘‘बारा नंबर… नाही, थांबा. तुमचं नाव काय हो?’’

‘‘इलाही मोमीन.’’

‘‘इलाहीभाई!’’

‘‘जी!’’ चाचा छाती काढून म्हणाले. नाव पुकारलं की कोण हसतंय, कोण लाजतंय, कोण शिट्टी घालतंय. असा निरोप समारंभ त्या खात्यात पुन्हा होणे नाही. केतकी मात्र त्यांच्या मागे टॅबलेट घेऊन धावत होती. ‘‘साहेब, अंगठा! सहा वाजत आलेत, अंगठा द्या आधी!’’

चौगुल्यांनी न बघताच अंगठा उठवला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

केतकी आईपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं आईचे हात धरले. लाल ओळ अजून लालच होती. आईनं सांगितलं होतं म्हणून ती बोलत राहिली. ‘‘आई, भडंग मी सांडलं, झाडलंही मीच. त्यात दाणे कमी होते. उद्या पुन्हा कर. मी तुझ्यावर ओरडते ना, ते मनातलं नसतं. आई, मला तू…’’

सहाचा भोंगा झाला. शालननी डोळे मिटून घेतले.

‘‘…मला तू खूप हवी आहेस,’’ केतकीनं वाक्य पुरं केलं.

शालननी हळूच एक डोळा उघडला. ‘‘दाणे कमी नव्हते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तूच येचून खाल्लेस.’’

टॅबलेटवरची ओळ हिरवी झाली होती. नमुना यंत्र, कायम. केतकीनं आईच्या मांडीवर, नव्या लुगड्यात, तोंड खुपसलं आणि भरपूर रडून घेतलं.

*

सोमवारी नव्या बायका आल्या. पहिली होती रुक्मिणी वठारे, विट्याच्या जुन्या मागांवर कान घालवून आलेली. आठ वर्षं तिनं काही ऐकलं नव्हतं. दवाखान्यातून यंत्र बसवून ती सरळ इथे आली होती आणि पदराचं टोक घट्ट धरून बसली होती.

केतकीनं नमुन्यावरून नक्कल काढली. ओळख पुसली, दोनदा तपासली, नवी दिली. आकड्यात एकानं भर पडली. चावी गेली. आतली लुकलुक सुरू झाली.

‘‘ऐकू येतंय का?’’ तिनं विचारलं.

रुक्मिणीनं मान किंचित डावीकडे झुकवली. हनुवटी वर आली आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. शाळेतून आल्यावर केतकीनं दारातून हाक मारली की स्वयंपाकघरात आईची मान अशीच झुकायची.

‘‘बोल की, बाळ,’’ ती अनोळखी बाई म्हणाली.

हळूहळू हिचं यंत्र हिच्याकडून शिकेल, हिची माणसं वर येतील आणि केतकीचा आवाज खाली जाईल, हे केतकीला ठाऊक होतं. तसंच व्हायला हवं होतं. चाचणीला दोन वाक्यं पुरतात. ती बराच वेळ बोलत राहिली.